डॅशबोर्डवरचा 'काल' नीट दाखवा : सेन्सर-डॅशबोर्ड बांधणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पर्यावरण सेन्सरचे डॅशबोर्ड बांधणारे, चालवणारे आणि ते विकत घ्यायचे की नाही हे ठरवणारे सर्वजण

विषय : जुन्या नोंदी पाहण्याची सोय आणि तिच्यात हव्या असलेल्या दुरुस्त्या

स. न. वि. वि.

तुमच्या डॅशबोर्डवर आत्ताचे तापमान ठसठशीत दिसते. गोल काटा हलतो, हिरव्याचा पिवळा होतो, कोपऱ्यात 'लाइव्ह' लुकलुकते. हे सगळे छान आहे. आमचे काम मात्र बहुतेक वेळा मागच्या तारखेशी असते. गेल्या आठवड्यात पहाटे साठवणघरातली आर्द्रता कुठवर गेली, धूळ कधी चढली आणि कधी ओसरली, हवा खेळवणारा पंखा थांबल्यावर कार्बन डायऑक्साइड किती वेळात वाढला, असे प्रश्न घेऊन आम्ही तारीख निवडतो. समोर एक नेटकी रेघ येते. ती खरी मानावी की नाही, हे ठरवायला त्या पानावर काहीच नसते.

आमची मागणी एवढीच आहे : जुन्या आलेखातल्या कोणत्याही ठिपक्याबद्दल काय मोजले, कधी मोजले, कशाने मोजले आणि मोजल्यानंतर तुम्ही त्या आकड्याचे काय केले, हे पाहणाऱ्याला शोधता आले पाहिजे. पुढे लिहिलेले सगळे याच चार प्रश्नांचे तपशील आहेत.

आधी 'कधी' घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एका नोंदीला दोन वेळा असतात. एक सेन्सरने मोजल्याची, दुसरी सर्व्हरवर पोचल्याची. नेट सुरळीत असताना दोन्हींत सेकंद-दोन सेकंदांचा फरक राहतो, म्हणून पुष्कळजण पोचल्याचीच वेळ ठेवून मोकळे होतात. मग कधीतरी तीन तास नेट जाते. उपकरण शहाणे असेल तर तेवढ्या वेळच्या नोंदी मेमरी कार्डावर साठवते आणि नेट आल्यावर एकदम पाठवते. आलेखावर काय दिसते? तीन तास मोकळी जागा आणि, मिनिटाला एक नोंद धरली तर, तिच्या शेवटी एकाच मिनिटात १८० नोंदींचा उभा खांब. डेटा पूर्ण आहे, पण वेळ हरवल्यामुळे तो वाया गेला.

एमक्यूटीटी या सेन्सरचे संदेश पाठवण्याच्या पद्धतीत हाच प्रकार वेगळ्या वाटेने होतो. संदेश 'रिटेन' म्हणून पाठवला असेल तर ब्रोकर, म्हणजे मधला संदेश वाटणारा सर्व्हर, शेवटचा संदेश धरून ठेवतो आणि नवा ग्राहक-प्रोग्रॅम जोडला गेला की लगेच त्याच्या हाती देतो. आता समजा, सेन्सर संध्याकाळी सातला बंद पडला आणि तुमचा नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम रात्री दोनला पुन्हा सुरू झाला. सातचे तापमान रात्री दोनचे म्हणून टेबलात जाऊन बसते. उपाय अवघड नाही. मोजल्याची वेळ संदेशातच पाठवा, पोचल्याची वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा आणि आलेख नेहमी पहिल्या वेळेवर काढा. दोन्हींतला फरकही जपून ठेवा. तो हळूहळू एकाच दिशेने वाढत असेल तर उपकरणाचे घड्याळ सरकते आहे, आणि मध्येच उसळून पुन्हा उतरत असेल तर नोंदी रांगेत अडकत आहेत.

उपकरणाचे घड्याळ हा स्वतंत्र विषय आहे. २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २० भागांपर्यंत चुकणारा, घड्याळाचा साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत, म्हणजे महिन्याला जवळपास ५० सेकंद चुकू शकतो. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप ० ते ४० अंश सेल्सियस तापमानात २ पीपीएमच्या आत राहते, म्हणजे वर्षाला साधारण मिनिटभर. पण तिची बॅटरी संपली आणि वीज गेली, की ती १ जानेवारी २००० पासून मोजायला लागते. घड्याळाची चिप नसलेले आणि एनटीपी या इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेकडून वेळ मिळण्याआधीच नोंदी पाठवू लागलेले वाय-फाय बोर्ड १ जानेवारी १९७० दाखवते, कारण संगणकातले सेकंद त्या तारखेपासून मोजले जातात. तिसरी तारीख ओळखून ठेवण्यासारखी आहे : २० किंवा २१ जानेवारी १९७०. नोंदी तिथे जमा होत असतील तर घड्याळ बरोबर आहे, फक्त सेकंदांतला आकडा कोणीतरी मिलिसेकंद समजून वाचतो आहे. उलट चूक झाली तर सन पाच आकडी येतो.

अशा नोंदी गुपचूप फेकून देऊ नका. वेळ चुकली असली तरी मोजमाप बहुधा ठीक असते. प्रत्येक संदेशासोबत उपकरण सुरू झाल्यापासूनचे सेकंद आणि ते कितव्यांदा सुरू झाले हा आकडा पाठवला, तर त्याच खेपेतल्या एखाद्या बरोबर वेळेच्या नोंदीवरून बाकीच्यांची वेळ मागे जाऊन काढता येते. दोन छोटे आकडे जास्त पाठवायचे, एवढाच खर्च.

साठवण यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करावी, हे आता सगळ्यांना पाठ आहे. दाखवताना कोणती वेळ घ्यायची, यावर मात्र एकवाक्यता नाही. ग्राफाना हे आलेख दाखवणारे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये पाहणाऱ्याच्या ब्राउझरची वेळ घेते. सर्व्हरची देखरेख करणाऱ्याला ते सोयीचे असेल. पर्यावरणाच्या नोंदींना ते चुकीचे आहे, कारण तापमान, धूळ, आवाज हे सगळे त्या जागच्या सूर्याशी आणि त्या जागच्या माणसांच्या दिनक्रमाशी बांधलेले असतात. दोन देशांतली दोन माणसे एकच शिखर वेगवेगळ्या तासांवर पाहतात आणि फोनवर वाद घालतात. सेन्सर जिथे आहे तिथली वेळ दाखवा आणि अक्षाखाली ती कोणती वेळ आहे हे लिहा. जिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात तिथे एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा येतो. त्या मोठ्या दिवशी रात्रीचा एक तास दोनदा वाजतो, आणि यूटीसीपासूनचा फरक सोबत न लिहिता स्थानिक वेळ साठवली असेल, तर त्या दोन तासांच्या नोंदी पुन्हा कधीच वेगळ्या करता येत नाहीत.

दिवसाचे आकडे काढताना हाच प्रश्न लपून येतो. इन्फ्लक्सडीबी या वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसच्या फ्लक्स भाषेतले 'अ‍ॅग्रिगेटविंडो' हे फंक्शन, ठिकाण सांगितले नाही तर, यूटीसीच्या मध्यरात्रीला दिवस कापते. यूटीसीच्या आठ तास पुढे असलेल्या ठिकाणी मग 'दिवस' सकाळी आठला सुरू होतो आणि पहाटेचे नीचांकी तापमान आदल्या तारखेच्या खात्यात जाते. जिथे फरक पूर्ण तासांचा नसून वर अर्धा तास आहे, तिथे तासाची सरासरीसुद्धा मधोमध कापली जाते. आणखी एक बारीक गोष्ट. '१०:००' असे लिहिलेली तासाची सरासरी नऊ ते दहाची की दहा ते अकराची? त्याच डेटाबेसची जुनी भाषा इन्फ्लक्सक्यूएल गटाला सुरुवातीची वेळ लावते, फ्लक्सचे हे फंक्शन आपणहून शेवटची लावते. एका भाषेतून दुसरीत प्रश्न नव्याने लिहिले की सगळा जुना आलेख एक तास सरकतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सुरुवात की शेवट, काय पाळता ते एकदा ठरवा आणि पानावर लिहा.

आता सरासरी. मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाला १,४४० आणि वर्षाला ५,२५,६०० होतात. आलेखाला मिळणारी रुंदी हजार-दीड हजार पिक्सेल. वर्षभराचा आलेख दीड हजार पिक्सेलमध्ये बसवायचा तर प्रत्येक पिक्सेलमागे ३५० नोंदी येतात, त्यामुळे काहीतरी गाळावेच लागते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती न सांगता गाळण्याबद्दल. एक हिशेब पाहा. दिवसभर पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धुळीची, पातळी घनमीटरला २० मायक्रोग्रॅम होती आणि फक्त दहा मिनिटे ती ३०० वर गेली. मिनिटाच्या आलेखावर ३०० चा सुळका दिसतो. तासाच्या सरासरीत त्याचे ६७ होतात. दिवसाच्या सरासरीत २२. माणूस महिन्याचा आलेख पाहतो, काही विशेष नाही म्हणून पान बंद करतो. किंवा झूम करतो, शिखर अचानक २२ वरून ३०० वर उडी मारते आणि डेटा कोणीतरी बदलला असे त्याला वाटते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सरासरीच्या रेघेमागे किमान ते कमाल असा फिकट पट्टा. दहा मिनिटांचा सुळका वर्षाच्या आलेखावरही त्या पट्ट्याच्या टोकाला उभा राहतो. आलेखाच्या डोक्यावर 'प्रत्येक बिंदू : १ तासाची सरासरी' असे लिहा आणि झूम बदलला की ते वाक्यही बदलू द्या. काहीजण सरासरी न काढता नमुन्यादाखल खरे बिंदू निवडतात. त्यासाठी 'लार्जेस्ट ट्रँगल थ्री बकेट्स' ही रीत प्रसिद्ध आहे. तिने रेघेचा आकार सुरेख राखला जातो, पण प्रत्येक गटातला कमाल बिंदू तिच्यात येईलच अशी हमी नाही. मर्यादा ओलांडली का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यावरून देऊ नये.

शिवाय सगळ्याच गोष्टींची साधी सरासरी निघत नाही. पाऊस मोजणारी कलती वाटी एका कलण्याला, उदाहरणार्थ, ०.२ मिलिमीटर मोजत असेल, तर तासाच्या पावसासाठी बेरीज करायची. तिथे सरासरी काढली की पाऊस नाहीसा होतो. उपकरण कलण्यांची वाढती बेरीज पाठवत असेल तर ते पुन्हा सुरू झाल्यावर आकडा शून्यावर येतो आणि आधीच्या नोंदीशी वजाबाकी उणे निघते. उणे आले की मोजणी नव्याने सुरू झाली असे समजून नवा आकडाच वाढ म्हणून धरा. वाऱ्याच्या दिशेत ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होतो. दिशेचे साइन आणि कोसाइन असे दोन घटक करून त्यांची सरासरी काढायची आणि मग कोन परत मिळवायचा. आवाजाचे डेसिबल लॉगरिदमी असतात. अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ८० डेसिबल असेल तर ऊर्जेच्या हिशेबाने सरासरी ७७ येते, ७० नव्हे. हवेच्या दाबाबद्दल एवढेच की तो जागेवरचा आहे की समुद्रसपाटीला आणलेला, ते लिहा. समुद्रसपाटीच्या आसपास दर आठ-साडेआठ मीटर उंचीला एक हेक्टोपास्कलचा फरक पडतो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे आकडे एकाच आलेखात मिसळले की ते ओळखायला वेळ लागत नाही, पण निस्तरायला लागतो.

सरासरी किती नोंदींची आहे, हेही सोबत ठेवा. एका तासात साठच्या साठ नोंदी आल्या आणि पुढच्या तासात पाचच, तर दोन्ही ठिपके सारखेच ठळक दिसू नयेत. हवेच्या मोजमापात ७५ टक्क्यांचा नियम सर्रास पाळतात : तासात किमान ४५ मिनिटांचा आणि दिवसात किमान १८ तासांचा डेटा असेल तरच सरासरी वैध. तुम्ही वेगळा नियम पाळलात तरी चालेल, फक्त एक काहीतरी पाळा. तासांच्या सरासऱ्यांवरून दिवसाची सरासरी काढतानाही हीच नोंदींची संख्या कामाला येते. ती नसली तर पाच नोंदींचा तास साठ नोंदींच्या तासाइतकाच वजनदार ठरतो.

जुना डेटा किती दिवस ठेवता, याबद्दल आम्हाला स्पष्ट उत्तर हवे आहे. जुना डेटा विरळ करत जाण्याची पद्धत आरआरडीटूल या नोंदी साठवण्याच्या साधनापासून रुळलेली आहे. त्यात फाइलचा आकार आधीच ठरतो आणि मागचे आकडे जाड गटांत मिसळत जातात. होम असिस्टंट हे घरातली उपकरणे जोडणारे सॉफ्टवेअर बारीक नोंदी मूळ सेटिंगमध्ये १० दिवस ठेवते, त्यानंतर मापकांची तासातासाची सरासरी, किमान आणि कमाल तेवढी उरते. या पद्धती चुकीच्या नाहीत. मात्र गेल्या वर्षीची एक रात्र मिनिटामिनिटाने पाहायची वेळ आल्यावरच हे कळावे, हे चूक आहे. जागेची सबब तर फारशी टिकत नाही. एक उपकरण मिनिटाला पाच राशी (तापमान, आर्द्रता अशा) मोजत असेल तर वर्षाला २६,२८,००० आकडे होतात. वेळेला ८ बाइट आणि आकड्याला ८ बाइट धरले, तर कसलेही कॉम्प्रेशन न करता सुमारे ४२ मेगाबाइट. शंभर उपकरणांचे वर्षाचे सव्वाचार गिगाबाइटही होत नाहीत. पन्नास-शंभर उपकरणांच्या जाळ्यात मूळ नोंदी पुसण्याला आम्हाला तरी सबळ कारण दिसत नाही. आलेख झटपट उघडावा म्हणून तासाचे आणि दिवसाचे तक्ते वेगळे तयार ठेवा, त्यांच्यात सरासरीबरोबर किमान, कमाल आणि संख्या साठवा, आणि मूळ नोंदींना हात लावू नका.

तयार तक्त्यांची एक खोड इथेच सांगून ठेवतो. नेट गेल्यामुळे उशिरा आलेल्या नोंदी मूळ टेबलात बसतात, पण त्या तासाची सरासरी आधीच काढून झालेली असते. टाइमस्केलडीबी या डेटाबेसचे सतत ताजे होणारे तक्ते ठरवलेल्या मुदतीपुरतेच मागे जाऊन दुरुस्त होतात. मुदत दोन दिवसांची असेल आणि उपकरण पाच दिवसांनी नोंदी पाठवत असेल, तर झूम केल्यावर डेटा दिसतो आणि झूम कमी केला की खड्डा पडतो. मेमरी कार्डावर जास्तीत जास्त किती दिवसांच्या नोंदी मावतात ते पाहून मुदत त्याहून मोठी ठेवा. आणि पोचपावती न मिळाल्यामुळे उपकरणाने तीच नोंद पुन्हा पाठवली तर ती दोनदा मोजली जाऊ नये, यासाठी उपकरण, राशी आणि मोजल्याची वेळ या तिघांची मिळून एकच चावी असू द्या.

खंड हा खंडासारखा दिसला पाहिजे. सहा तास नोंद नसताना दोन टोके सरळ रेघेने जोडली तर पाहणाऱ्याला सहा तास हळूहळू तापलेली हवा दिसते. मागचाच आकडा पुढे ओढला तर स्थिर हवा दिसते. शून्य भरले तर हिमांक दिसतो. तिन्ही कपोलकल्पित. नोंदीच्या ठरलेल्या अंतराच्या तिप्पट वेळ गेला की रेघ तोडावी, एवढा साधा नियम पुरतो. ग्राफानामध्ये त्यासाठी वेळेची मर्यादा घालण्याची सोय आहे, ती एकदा उघडून भरायची असते. खंडाचे कारण माहीत असेल, वीज गेली, बॅटरी संपली, दुरुस्तीला काढला, तर त्या जागी एक ओळ लिहायची सोय द्या.

बिघाडाचे आकडे प्रत्येक सेन्सरचे वेगळे असतात आणि ते ओळखणे हे डॅशबोर्डचे काम आहे, बघणाऱ्याचे नव्हे. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला वीज मिळाली आणि मोजणी पूर्ण होण्याआधीच वाचला, तर तो ८५ अंश सांगतो. १२ बिट मोजणीला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तार तुटली तर त्याची प्रचलित लायब्ररी उणे १२७ देते. असा एक आकडा महिन्याच्या आलेखात घुसला की उभा अक्ष उणे १२७ पासून सुरू होतो आणि खोलीच्या तापमानाची सगळी हालचाल वर एका सपाट रेघेत दबते. उणे १२७ डोळे मिटून बाद करा. ८५ तसे करू नका, कारण गरम पाण्याच्या टाकीवर तो खरा असू शकतो. आधीच्या नोंदीपासून एका झटक्यात उडी आणि पुढच्या नोंदीला लगेच परत, ही खूण पाहून ठरवा. तासन्‌तास दशांशापर्यंत तोच आकडा येत राहणे हेही बिघाडाचे लक्षण असते. पण ०.०६२५ अंशाच्या पायरीने मोजणारा सेन्सर बंद तळघरात खरोखरच तेवढा वेळ स्थिर राहू शकतो, म्हणून ही मर्यादा सेन्सर आणि जागा पाहून ठरवावी लागते.

बाद ठरवलेला आकडा पुसायचा नसतो. हिशेबाच्या वहीत चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारतात, खालचा आकडा वाचता येतो, तसे इथे हवे. प्रत्येक नोंदीसोबत एक खूण ठेवा. समुद्रातल्या मोजमापांसाठी क्वार्टॉड या उपक्रमाने वापरलेली पद्धत तयार आहे : १ ठीक, २ तपासलेले नाही, ३ संशयास्पद, ४ नापास, ९ नोंदच नाही. आलेख आपणहून १ आणि २ दाखवील, ३ फिकट दाखवील, आणि एक बटण दाबले की ४ सुद्धा दिसतील. ही खूण माणसाने लावली की प्रोग्रॅमने, आणि कोणत्या तारखेला, हेही ठेवता आले तर उत्तम.

आता 'कशाने मोजले'. वर्षानुवर्षांचा आलेख एकच सलग रेघ म्हणून दाखवला जातो, पण त्या रेघेमागचा सेन्सर एकच नसतो. एसडीएस०११ या धुळीच्या सेन्सरमधल्या लेसरचे आयुष्य उत्पादकाच्या माहितीपत्रात ८,००० तास दिले आहे. अखंड चालवला तर हे ३३३ दिवस झाले. म्हणजे तसा चालवलेल्या सेन्सरचा तीन वर्षांचा आलेख समोर असेल, तर एक तर मध्ये सेन्सर बदलला आहे किंवा लेसर थकला आहे, आणि दोन्हींपैकी काय झाले ते आलेखावर कुठेच नाही. सेन्सर बदलला, जागा हलवली, उंची बदलली, कॅलिब्रेशन केले, फर्मवेअर (उपकरणातला प्रोग्रॅम) चढवले, अशा प्रत्येक दिवशी आलेखात एक उभी रेघ आणि दोन शब्द हवेत. ठिकाणाचा क्रमांक आणि सेन्सरचा क्रमांक वेगवेगळे ठेवा. नवा सेन्सर जुन्याच क्रमांकाने बसवला की पुढे कोणालाही ती पायरी हवामानाची की यंत्राची, हे सांगता येणार नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या स्वस्त सेन्सरमध्ये एक अंतर्गत दुरुस्ती असते. ठरावीक काळात, एमएच-झेड१९ मध्ये दिवसभरात, एससीडी३० मध्ये काही दिवसांत, मिळालेली सर्वात कमी पातळी म्हणजे बाहेरची ताजी हवा असे धरून तो स्वतःची पायाभूत पातळी ४०० पीपीएमच्या आसपास ओढतो. रोज रिकामी होऊन मोकळी हवा खाणाऱ्या खोलीत हे ठीक चालते. चोवीस तास माणसांनी भरलेल्या खोलीत किंवा हरितगृहात मात्र ती पातळी कधीच खाली येत नाही, तरी सेन्सर आकडे खाली ओढत राहतो. जुन्या आलेखावर हवा सुधारत गेल्यासारखी दिसते. ही दुरुस्ती चालू होती की बंद, हे नोंदीच्या माहितीत असल्याशिवाय त्या सुधारणेचा अर्थ लागत नाही.

धुळीच्या प्रकाशीय सेन्सरचे दमट हवेशी वाकडे आहे. आर्द्रता बरीच चढली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो, म्हणून दमट पहाटेचे शिखर पाहताना शेजारी आर्द्रतेची रेघ पाहिजेच. दुरुस्तीची सूत्रे आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली पर्पलएअर सेन्सरसाठी दिलेले सूत्र असे : सेन्सरच्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, त्यातून आर्द्रतेच्या टक्क्यांची ०.०८६२ पट वजा करा आणि ५.७५ मिळवा. सेन्सर ५० आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर उत्तर २५ च्या जवळ येते, म्हणजे निम्मे. आता विचार करा, डॅशबोर्डने एखाद्या तारखेपासून असे सूत्र लावायला सुरुवात केली आणि मागचे आकडे तसेच ठेवले, तर त्या तारखेला हवा एका रात्रीत निम्मी स्वच्छ झालेली दिसेल. कच्चा आकडा कायम साठवा, दुरुस्ती दाखवताना करा, सूत्राचे नाव आणि आवृत्ती लिहा. हे सूत्र त्या सेन्सरवर आणि तिथल्या हवेवर बेतलेले आहे. दुसऱ्या सेन्सरला ते उचलून लावू नका.

मर्यादेच्या लाल रेघांनाही तारीख असते. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मार्गदर्शक पातळी २००५ मध्ये घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम होती, २०२१ मध्ये १५ झाली. वर्षाची १० वरून ५ वर आली. अमेरिकेच्या हवा-गुणवत्ता निर्देशांकात 'चांगली' हवा २०२४ पूर्वी १२ पर्यंत होती, आता ९ पर्यंत. म्हणून निर्देशांक साठवू नका, संहती, म्हणजे घनमीटरमागचे मायक्रोग्रॅम, साठवा. निर्देशांक केव्हाही पुन्हा काढता येतो, उलटा प्रवास धड होत नाही. आणि २४ तासांची मर्यादा मिनिटाच्या रेघेवर आखून लोकांना घाबरवू नका.

अक्ष, रंग वगैरे थोडक्यात. उभा अक्ष आपोआप ताणला गेला की ०.३ अंशाचा चढउतार डोंगरासारखा दिसतो, म्हणून किमान पल्ला ठरवून ठेवा आणि पाहणाऱ्याला तो गोठवता येऊ द्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसे असतात. दोन तारखांचे आलेख एकावर एक ठेवता आले तर आमचे अर्धे काम होते.

दुवा पाठवण्याबद्दल मात्र ठासून सांगायचे आहे. 'गेले २४ तास' असा सापेक्ष दुवा आज पाठवला आणि समोरच्याने परवा उघडला, तर त्याला परवाचा आलेख दिसतो आणि दोघे वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत राहतात. 'दुवा घ्या' हे बटण दाबताच तो सुरुवात आणि शेवट यांच्या पक्क्या वेळांचा व्हावा. झूम, निवडलेले सेन्सर आणि गटाची लांबीही त्यात यावी.

डाउनलोडमध्ये सगळ्यात वाईट चूक म्हणजे न सांगता कापलेली फाइल. थिंगस्पीक ही सेन्सरच्या नोंदी साठवणारी सेवा एका मागणीला जास्तीत जास्त ८,००० नोंदी देते. मिनिटाला एक नोंद असेल तर हे साडेपाच दिवस झाले, आणि वर्षभरासाठी ६६ वेळा मागावे लागते. मर्यादा असायला हरकत नाही. फाइलच्या आधी 'मागितल्या इतक्या, मिळाल्या इतक्या' एवढे सांगा. फाइलमध्ये यूटीसी वेळ आणि स्थानिक वेळ असे दोन रकाने ठेवा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ लिहिले की स्प्रेडशीट ज्या देशाच्या सेटिंगवर असेल त्याप्रमाणे मार्च किंवा एप्रिल ठरवते. नसलेली नोंद रिकामी सोडा, तिथे उणे ९९९ घालू नका. एकके रकान्याच्या नावातच येऊ द्या.

विकत घेणाऱ्यांना एक सुचवणे आहे. दाखवण्याच्या दिवशी आत्ताचा आकडा बघू नका. चाचणीसाठी एक उपकरण आठवडाभर मागून घ्या. एका दिवशी त्याचे नेट तीन तास बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी सेन्सरची तार पाच मिनिटे काढून ठेवा. तिसऱ्या दिवशी वीज काढा आणि लगेच लावा. चौथ्या दिवशी सेन्सरवर दहा मिनिटे हात किंवा उबदार कापड ठेवा. मग आठवड्याचा आलेख उघडा. नेट नसतानाच्या तीन तासांच्या नोंदी आपापल्या जागी आल्या आहेत का, तारेच्या जागी खंड आहे की आकडा, वीज आल्यावरच्या नोंदींची वेळ बरोबर आहे का, दहा मिनिटांची ऊब आठवड्याच्या रेघेवर दिसते का, आणि तोच आठवडा फाइलमध्ये उतरवला तर तिच्यातले कमाल तापमान आलेखातल्या कमाल तापमानाशी जुळते का, हे पाहा. बांधणाऱ्यांनी हीच चाचणी प्रत्येक नव्या आवृत्तीआधी स्वतः करावी, आणि यातले काही आज जमत नसेल तर तेवढे तरी पानावर लिहून ठेवावे.

कळावे,

आपले,
जुन्या नोंदी उघडून पाहणारे वापरकर्ते